ओलीचं माप

मी दगड ओढत नाही.
ओढणारे वीस जण आहेत, वेर्नीची टोळी,
खांद्यावर दोराचे वळ घेऊन झोपणारी.
मी फक्त पाणी ओततो
घसरगाडीच्या नाकासमोर, दोन दोरांच्या मधून,
उलटा चालत.

उलटा, म्हणून पाठीमागे काय उभं राहतंय
ते मला दिसत नाही.
मला दिसते पावलागणिक बारीक होणारी नदी,
तुराच्या खाणीकडून आलेल्या होड्या,
आणि माझ्यावर चालून येणारं
दगडाचं पांढरं कपाळ.

काम शिकवलं हेतेपीनं.
म्हणायचा, वाळू कोरडी ठेवलीस तर रुसते,
गाडीपुढे ढीग घालून बसते.
जास्त पाजलीस तर चिखल होते,
दगडाला पोटात घेऊ बघते.
या दोन्हींच्या मध्ये एक ओल असते:
कणानं कणाचा हात धरावा, तेवढीच.
ती डोळ्यांना कळत नाही. टाचेला कळते.

(मला आधी टाचेनं नाही,
वीस जणांच्या शिव्यांनी कळली.)

लोक माणसाचं पाणी जोखतात,
मी वाळूचं जोखतो.
दिवसभर खांद्यावर घडा,
आणि तोंडात जीभ म्हणजे जुन्या चपलेचं चामडं.

कारकून इयमेरी घडे मोजून देतो.
माणसांचे वेगळे, दगडाचे वेगळे.
माणसांचे दुपारीच संपतात.
दगडाचे संपू द्यायचे नसतात.

पुराचा तिसरा महिना. वारा मेलेला.
उजव्या दोरावर इदू होता, दक्षिणेकडचा पोरगा,
हाळी देणारा, मिसरूड न फुटलेला.
हाळी अर्ध्यावर तुटली.
आधी वाटलं, शब्द विसरला.
मग त्याचे गुडघे दिसले.

वेर्नीनं हात वर केला. दोर सैल पडले.
माझ्या हातात दगडाचा घडा, निम्मा भरलेला.
कुणीच काही बोललं नाही,
घड्याकडे मात्र सगळ्यांनी पाहिलं.

वाळूला किती लागतं ते मला पाठ आहे.
माणसाला किती, हे हेतेपीनं शिकवलं नव्हतं.
ओंजळीनं दिलं. थोडं. ते ओठांवरच विरलं.
घाईनं दिलं, तर ओकून टाकलं त्यानं.
मग टाच टेकवून उकिडवा बसलो
आणि थांबून थांबून, बोटांवरून
त्याच्यात सोडत राहिलो,
पापणी हलेपर्यंत.

तोवर पुढची वाट सुकून फटफटीत.
उरलेली पन्नास पावलं कोरड्या वाळूतून गेली,
इदूच्या जागी मी दोराला.
तेव्हा कळलं, सात वर्षं
या लोकांच्या खांद्यातून मी नेमकं काय काढून घेत होतो,
आणि पहिल्यांदाच मी सरळ चाललो.
समोर ते होतं. केवढं!
मी मान खाली घातली आणि ओढलं.

संध्याकाळी इयमेरी आला. लेखणी ओली करून म्हणाला,
एक घडा कमी आहे. काय लिहू?
वेर्नी म्हणाला, सांडला.
त्यानं इदूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
लिहिलं: सांडला.

दुसऱ्या दिवशी दगडाच्या घड्यांत
एक जास्त होता.
इयमेरीची मोजणी चुकत नाही.

तो दगड आता वर आहे कुठेतरी, उत्तरेच्या अंगाला.
आमच्या टोळीची गेरूची खूण त्याच्या आतल्या बाजूला,
दुसऱ्या दगडाला गाल लावून.
बाहेरून तो सगळ्यांसारखाच.

इन्ती, माझी पोर, विचारते,
बाबा, यातलं तू काय केलंस?
तिला काय दाखवू?
ओल तर माझी पाठ वळायच्या आत
ऊन पिऊन टाकायचं. पाठही मी कधी वळवली नाही.

पाय पुढे केला.
टाचेच्या भेगांत वाळू होती,
पोरीनं नखानं थोडी उकरली, चिमटीत धरून पाहिली,
म्हणाली, ओली आहे अजून.